हार्ट अटॅकनंतर शुगर: ठाणे-नवी मुंबईतून वारंवार येणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या दवाखान्यात अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून घरी आलेले पेशंट येतात, आणि त्यांच्या मुलांचे-सुनांचे मेसेज त्यांच्याही आधी येतात. कळवा, ऐरोली, घणसोली, कासारवडवली. पत्ते वेगळे, प्रश्न तेच. रात्री साडेअकराला तेच उत्तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढलं. इथलं वाचून गोळीचा डोस बदलू नका, तो ज्यांनी लिहून दिलाय त्यांनाच विचारा. शुगरचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत, आपल्या लॅबच्या कागदावर असतात तसेच.

१. बाबांना आजवर डायबेटिस नव्हता. अटॅकच्या दिवशी शुगर २३८ आली. हे कसं काय?

हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला की ॲड्रेनलिन, कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन ही हार्मोन्स उसळतात. ती यकृताला साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. त्यामुळे डायबेटिस नसलेल्या माणसाचीही शुगर काही तासांत दोनशेच्या वर जाऊ शकते. डॉक्टर याला ‘स्ट्रेस’मुळे वाढलेली शुगर म्हणतात, पण हा स्ट्रेस म्हणजे ऑफिसचं टेन्शन नव्हे, शरीरावर पडलेला घाला.

ही झाली एक शक्यता. दुसरी अशी की डायबेटिस पाच-सात वर्षं अंगात आहेच, फक्त कुणी तपासलेला नाही. ‘कधी नव्हता’ असं सांगणाऱ्यांना मी विचारतो, शेवटची तपासणी कधी केली होती? बहुतेक वेळा पुढे शांतता असते.

२. मग त्यांना खरंच डायबेटिस आहे की नाही, हे कसं कळणार?

एचबीए१सी ही तपासणी करा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्यांच्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगते. अटॅकच्या एका रात्रीत हा आकडा फारसा हलत नाही, म्हणून तो हॉस्पिटलात असतानाच काढता येतो. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे डायबेटिस, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर. डिस्चार्जच्या फाइलमध्ये हा रिपोर्ट आहे का ते आधी बघा. नसेल तर पहिल्या फॉलोअपलाच मागा.

उपाशीपोटी शुगर १२६ किंवा अधिक असेल तर तोही डायबेटिसच. मात्र अटॅकनंतरच्या पहिल्या चार दिवसांतल्या आकड्यावरून निवाडा करू नये. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी सगळ्यात बारकाईने पकडते, पण ती तब्येत स्थिरावल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी करणं बरं.

हे टाळू नका असं मी का म्हणतो? २००२ साली स्वीडनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अटॅक आलेल्या, पण डायबेटिसची नोंद नसलेल्या लोकांना ग्लुकोज पाजून तपासलं, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश लोकांच्या शुगरमध्ये गडबड निघाली. काहींना सरळ डायबेटिस, काहींना त्याची आधीची पायरी. आपल्याकडे मात्र स्टेंट बसला की सगळ्या घराचं लक्ष स्टेंटवर आणि ही तपासणी राहून जाते.

३. शुगर वाढलेली असली तर हृदय बरं व्हायला वेळ लागतो का?

अटॅकच्या वेळी शुगर जास्त असलेल्यांना पुढे त्रास जास्त होतो, हे वारंवार दिसलंय, डायबेटिस नसलेल्यांनाही. कारणं अनेक आहेत. वाढलेल्या साखरेत प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, म्हणजे गुठळी व्हायला अनुकूल. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नीट सैलावत नाही. मोठी नळी स्टेंटने उघडली तरी तिच्या पुढच्या केसाएवढ्या वाहिन्यांत रक्त पोचत नाही, असं होण्याची शक्यता वाढते. शुगर फारच चढली तर लघवीवाटे पाणी जातं आणि आधीच दमलेल्या हृदयाला रक्ताचा पुरेसा भरणा मिळत नाही. पुढच्या महिन्यांत हार्ट फेल्युअरचं, म्हणजे पंपिंग कमी पडून पायाला सूज येणं, आडवं झालं की दम लागणं याचं प्रमाण डायबेटिस असलेल्यांत जास्त असतं.

पण इथे एक पेच आहे. हृदयाला जितकी मोठी इजा तितकी हार्मोन्सची उसळी मोठी, आणि शुगरही तितकीच वर. म्हणजे वाढलेली शुगर अंशतः आग आणि अंशतः नुसता धूर. धूर हटवला म्हणून आग विझेलच असं नाही. स्वीडनमध्येच १९९५ च्या एका अभ्यासात अटॅकनंतर इन्सुलिनची ड्रिप आणि पुढे घरी इन्सुलिन दिल्यावर वर्षभरातले मृत्यू कमी झाले; २००५ मध्ये त्याचाच दुसरा भाग झाला, त्यात तो फायदा दिसला नाही.

म्हणून २३८ हा आकडा एकटा वाचू नका, एचबीए१सी शेजारी ठेवा. एचबीए१सी ६ म्हणजे रोजची सरासरी साधारण १२६. ९ म्हणजे साधारण २१२. ज्यांची सरासरी २१२ आहे त्यांना अटॅकच्या दिवशी २३८ आली तर ती नेहमीच्या पातळीच्या जवळच आहे. ज्यांची सरासरी १२६ त्यांची २३८ झाली, तर शरीराला मोठा धक्का बसलाय.

४. आयसीयूत शुगर १७० होती आणि डॉक्टर काहीच करत नव्हते. ती ११० वर का आणली नाही?

कारण तसं करून बघितलं गेलंय. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आयसीयूतल्या सहा हजारांहून जास्त पेशंटच्या एका मोठ्या अभ्यासात एका गटाची शुगर ८१ ते १०८ मध्ये ठेवली आणि दुसऱ्याची १८० पर्यंत चालवून घेतली. काटेकोर ठेवलेल्या गटात नव्वद दिवसांत मृत्यू जास्त झाले: २७.५ टक्के, दुसरीकडे २४.९. हे सगळे हृदयाचे पेशंट नव्हते, तरी धडा सगळ्यांनी घेतला. आता साधारण १८० ओलांडली की इन्सुलिन सुरू करतात आणि १४० ते १८० मध्ये राखतात. तुमच्या १७० ला हात न लावणं हाच उपचार होता.

५. हॉस्पिटलात इन्सुलिन दिलं. आता ते आयुष्यभर चिकटणार का?

नाही. हॉस्पिटलात इन्सुलिन देतात कारण ते लगेच लागू पडतं आणि तासातासाला कमी-जास्त करता येतं. त्याची सवय वगैरे लागत नाही. बऱ्याच जणांचं ते काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुटतं आणि गोळ्यांवर भागतं. ज्यांचं स्वतःचं इन्सुलिनच संपलंय त्यांना ते लागणारच, आणि त्यांनी ते स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करायचं नसतं.

६. घरी आल्यावर शुगर किती असावी?

बहुतेकांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, एचबीए१सी ७ च्या आसपास. आजी-आजोबा पंच्याहत्तरीचे असतील, एकटे राहत असतील, किडनी कमजोर असेल, तर ७.५ ते ८ सुद्धा चालतं. ते दुर्लक्ष नाही, विचारपूर्वक दिलेली सूट आहे. अमेरिका-कॅनडातल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या डायबेटिसच्या पेशंटचा एचबीए१सी औषधांचा मारा करून ६ च्या खाली नेऊ पाहिला, तर त्या गटात मृत्यू वाढले आणि तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. ‘आमच्या सासऱ्यांची शुगर आता पंच्याऐंशीच्या वर जातच नाही’ असं कुणी अभिमानाने सांगितलं आणि ते सासरे ग्लिमेपिराइड (शुगर पाडू शकणारी गोळी) किंवा इन्सुलिनवर असतील, तर मला आधी काळजी वाटते.

७. शुगर कमी झाली तर हृदयाला काय होतं? आणि ती ओळखायची कशी?

शुगर ७० च्या खाली गेली की शरीर पुन्हा ॲड्रेनलिन सोडतं. नाडी जोरात चालते, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. नुकताच अटॅक झालेल्या हृदयाला हे परवडत नाही.

हात थरथरणं, धडधड, घाम, भूक, चिडचिड ही नेहमीची लक्षणं. पण अटॅकनंतर बहुतेकांना मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोलसारखी बीटा ब्लॉकर गोळी असते आणि ती धडधड व थरथर झाकून टाकते. घाम मात्र ती झाकत नाही. तेव्हा पंख्याखाली बसलेल्या माणसाला कारण नसताना दरदरून घाम फुटला, बोलणं अडखळलं, तर आधी बोटाला सुई टोचून मीटरवर शुगर बघा. मीटर हाताशी नसेल तर शुगर कमी आहे असं धरूनच चाला.

तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा द्या. वर आली की पोळी-भाजी असं काहीतरी खायला द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. १०८ ला फोन करा. आणि हाच घाम अटॅकचाही असू शकतो: शुगर ठीक असूनही घाम थांबत नसेल तर प्रश्न १४ बघा.

८. साखर-पाणी दिलं तरी आईची शुगर वर येईना. असं का झालं?

तिच्या गोळ्यांच्या पाकिटावर व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज लिहिलंय का बघा. आपल्याकडे ती पुष्कळदा ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत असते. साध्या साखरेचं आतड्यात विघटन होऊ न देणं हेच त्या औषधाचं काम, त्यामुळे साखर खाल्ली तरी ती वेळेत रक्तात पोचत नाही. अशांनी घरात आणि पर्समध्ये ग्लुकोज पावडर ठेवावी, मेडिकलवाल्याकडे डब्यात मिळते तीच. ती थेट शोषली जाते. केमिस्ट हे आपणहून क्वचितच सांगतो.

९. अँजिओग्राफीच्या आधी मेटफॉर्मिन थांबवली. पुन्हा कधी सुरू करायची?

अँजिओग्राफीत टोचलेला रंग किडनीवर ताण टाकू शकतो, आणि किडनी मंदावली तर मेटफॉर्मिन अंगात साचते. म्हणून ४८ तास थांबून, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघून ती पुन्हा सुरू करण्याची रीत आहे. किडनी चांगली असलेल्यांची काही ठिकाणी थांबवतही नाहीत. खरा घोटाळा वेगळाच आहे: डिस्चार्ज कार्डवर ‘मेटफॉर्मिन बंद’ लिहिलेलं राहतं आणि तीन महिन्यांनी पेशंट २८० शुगर घेऊन येतो. घरी निघताना हा एक प्रश्न विचाराच.

१०. डायबेटिस नाही, तरी डॉक्टरांनी शुगरची गोळी लिहिली आहे. चूक झाली का?

ती डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर बहुधा नाही. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, आणि पंपिंग कमी झालेल्या हृदयाला त्यांचा फायदा डायबेटिस असो-नसो होतो, हे २०१९ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. शुगरच्या दुसऱ्या औषधाशिवाय घेतली तर शुगर फार खाली नेत नाहीत.

पथ्यं मात्र पाळायची. लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. आपल्या दमट हवेत जास्तच, म्हणून स्वच्छता ठेवा आणि त्रास लपवू नका. उलट्या-जुलाब, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर ही गोळी थांबवावी लागते. बायपासच्या आधी साधारण तीन दिवस. नाहीतर रक्तात आम्ल साचतं, आणि ते शुगर फारशी वाढलेली नसतानाही होतं, म्हणून घरी मीटरवर कळत नाही. मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर शुगर १६० आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

उलट पायोग्लिटाझोन अंगात पाणी धरून ठेवते. हार्ट फेल्युअर असेल आणि जुन्या चिठ्ठीत ती असेल तर डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या.

११. कोलेस्टेरॉलच्या गोळीने शुगर वाढते असं वाचलं. बंद करू?

नका करू. वाढते हे खरं, पण किती? एका मोठ्या एकत्रित हिशेबात २५५ लोकांनी चार वर्षं स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, घेतली तेव्हा डायबेटिसचा एक जादा पेशंट दिसला. अटॅक येऊन गेलेल्या माणसाला स्टॅटिनपासून मिळणारं संरक्षण याच्या कितीतरी पट मोठं आहे.

१२. मीटर १४० दाखवतो, एचबीए१सी मात्र ८.२. खरं कोण?

आधी मीटर केव्हा लावता ते पाहा. फक्त सकाळी उपाशीपोटी मोजत असाल तर जेवणानंतरचे चढ दिसतच नाहीत. हात धुऊन, कोरडे करून सुई टोचा. वाशीच्या मार्केटात हापूस उतरला की दरवर्षी कुणीतरी आंबा चिरून तसंच बोट टोचतं आणि ३५० बघून घाबरतं. पावसाळ्यात स्ट्रिपच्या डबीचं झाकण उघडं ठेवू नका. लॅबपेक्षा मीटरमध्ये पंधरा टक्क्यांपर्यंत फरक असला तर तो मान्य धरतात.

एवढं करूनही जुळत नसेल तर एचबीए१सीवरच संशय घ्या. लोहाची कमतरता असली तर तो खोटा जास्त येतो. रक्त चढवलं असेल (बायपासमध्ये चढवतात) किंवा पेशी लवकर फुटत असतील तर खोटा कमी. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक दोषांतही आकडा फसवतो. थॅलेसेमियाचे वाहक सिंधी, लोहाणा, कच्छी घरांत बरेच, आणि उल्हासनगर-ठाणे पट्ट्यात ही घरं भरपूर. सिकलसेल आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी कुटुंबांत आढळतो. अशा घरातून असाल तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांगा, मग मीटरच्या नोंदींवर जास्त भर देता येतो.

१३. आषाढी एकादशीचा, श्रावणी सोमवारचा उपास करता येईल का?

पहिले दोन-तीन महिने नको, असं मी सांगतो. आजी ऐकत नाहीत, तेही माहीत आहे. तेव्हा निदान एवढं पाळा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या उपासाला चालतात की नाही हा प्रश्नच नाही, त्या घ्यायच्याच. एक-दोन दिवस चुकल्या तरी स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनचं उपासाच्या दिवसाचं प्रमाण आधी विचारून घ्या, कारण रिकाम्या पोटी तीच शुगर पाडतात. डापाग्लिफ्लोझिनचं प्रश्न १० मध्ये आहे.

आणि उपास म्हणजे शुगर कमी असं नाही. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट. एक ताट खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि केळं, की दुपारी मीटरवर तीनशे. वरईचा भात आणि दाण्याची आमटी थोडी, ताक, काकडीची कोशिंबीर, असं दोन-तीनदा विभागून घेतलेलं बरं. ‘भाकरीने शुगर वाढत नाही’ हाही असाच समज. एका मोठ्या भाकरीत दोन चपात्यांएवढं पीठ सहज असतं.

१४. डायबेटिसच्या माणसाला दुसरा अटॅक छातीत न दुखता येतो हे खरं?

खरं आहे. वर्षानुवर्षं वाढलेली शुगर हृदयाकडच्या नसाही बोथट करते, मग दुखणं पोचतच नाही. अचानक धाप, थंड घाम, मळमळ, न सोसणारा थकवा, जबडा किंवा खांदा भरून येणं एवढंच दिसतं, आणि घरचे त्याला गॅस म्हणतात. ज्यांना एकदा अटॅक आलाय त्यांच्या बाबतीत ‘ईनो घेऊन बघू’ असं करत वेळ घालवायचा नाही, ईसीजी काढायचा. संध्याकाळच्या घोडबंदर रोडला स्वतः गाडी चालवत तर निघूच नका.

१५. बायपासची जखम महिना झाला तरी भरत नाही. शुगरमुळेच ना?

बरेचदा हो. साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि जखमेच्या कडांना रक्त कमी पोचतं. पायातून शीर काढलेली जागा जास्त रेंगाळते. पण पू, ताप, वाढती लाली किंवा खोकताना छातीचं हाड आत खटखटल्यासारखं वाटलं, तर शुगर उतरायची वाट बघू नका. त्याच दिवशी सर्जनला दाखवा.

१६. चालायला कधी सुरुवात करू? आणि कामावर लोकलने कधी जाऊ?

गुंतागुंत नसेल तर घरी आल्यापासूनच, सपाटीवर, पाच-दहा मिनिटं, बोलता येईल एवढ्याच वेगाने. मग दर आठवड्याला थोडं वाढवत. तलावपाळी, कचराळी तलाव, नेरूळचं ज्वेल, वाशीचं सागर विहार या जागा बऱ्या, बसायला बाक आहेत. येऊरचा चढ सध्या नको. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर निघण्याआधी शुगर बघा. १०० च्या खाली असेल तर आधी काही खा.

पायात मोजे आणि बंद बूट हवेतच. डायबेटिसमुळे तळवा बधिर असेल तर खडा टोचलेला कळत नाही. जुलैत पाण्यातून चालून आलात तर घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसून, दिव्याखाली पाय तपासा.

लोकलचं असं: दोन जिने न थांबता, न धापता चढता येत असतील तर ठाणे स्टेशनचा पूल झेपेल. तारीख तुमचे हृदयाचे डॉक्टर ठरवतील. सुरुवातीला शक्य असेल तर गर्दी टळेल अशी गाडी पकडा. डबा वेळेवर खाल्लाच पाहिजे, मीटिंग लांबली म्हणून दुपारचे तीन करायचे नाहीत. शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी आणि चालू औषधांची चिठ्ठी ठेवा. बॅगेत नको, बॅग रॅकवर जाते.